वायूचा वाटा

अमेरिकेत उटाह प्रांतात ऑग्डेन नावाचे एक गाव आहे. १८८९ सालच्या पानगळीच्या दिवसांत तेथील काही हौशी मंडळी गावाबाहेर नेमबाजीला जमली होती. त्यांत जॉन मोझेस ब्राउनिंग नावाचा चौतीस वर्षांचा एक बंदूक-कारागीर होता. सोबत्याने चाप ओढला, बार झाला आणि साऱ्यांचे डोळे रिवाजाप्रमाणे निशाणाकडे वळले. ब्राउनिंगचे डोळे मात्र नळीच्या तोंडापुढे वाढलेल्या रानगवतावर खिळून राहिले. गोळी गवताला शिवलीही नव्हती. तरी प्रत्येक बाराबरोबर ते गवत आडवे होत होते आणि पुन्हा सावरत होते.

असे गवत त्याच्या आधी हजारो शिकाऱ्यांनी आणि लाखो सैनिकांनी वाकताना पाहिले असेल. त्यात नवल वाटावे असे कोणालाच काही दिसले नाही. ब्राउनिंगच्या मनात मात्र एकच प्रश्न आला. गोळी निघून गेल्यावर मागून जो वायू फुकट बाहेर पडतो, त्याच्या अंगी एवढा जोर असेल, तर त्याला कामाला का लावू नये?

तो भावांसह आपल्या कारखान्यात परतला. एक जुनी विंचेस्टर रायफल त्याने फळीला जखडली, नळीच्या तोंडापुढे गोळी जाईल एवढे भोक पाडलेला लोखंडाचा ठोकळा ठेवला आणि बार काढला. गोळी भोकातून निघून गेली आणि मागोमाग आलेल्या वायूने तो ठोकळा दूर भिरकावून दिला. लगेच त्याने नळीच्या तोंडाशी एक वाटीसारखी टोपी बसवली, तिला दांडी जोडली आणि दांडीचे दुसरे टोक बंदुकीच्या यंत्राला जोडले. बार झाला की टोपी पुढे ढकलली जाई, दांडी ओढली जाई आणि बंदूक आपली आपणच रिकामी पुंगळी फेकून नवे काडतूस भरून घेई. १८९० च्या जानेवारीत त्याने पेटंटासाठी अर्ज केला. त्यातूनच पुढे कोल्ट कंपनीची १८९५ सालची मशीनगन निघाली. तिची दांडी नळीखाली खालीवर झोके घेई, म्हणून सैनिकांनी तिला ‘बटाटे उकरणारी’ असे नाव ठेवले.

योगायोग असा की, ज्या १८८९ साली ऑग्डेनला ते गवत वाकले, त्याच साली तिकडे बेल्जियममध्ये लिएज शहराला लागून असलेल्या हेर्स्टाल गावी ‘फाब्रिक नास्योनाल’ ह्या कंपनीची स्थापना झाली. बेल्जियन सरकारला दीड लाख मॉझर रायफली पुरवणे एवढेच तिचे मूळचे काम. एफ.एन. ह्या आद्याक्षरांनी जगाला ठाऊक असलेल्या ह्या कंपनीशी ब्राउनिंगचे पुढे जन्माचे नाते जडले आणि १९२६ साली त्याला मरणही तेथेच, लिएजला आले. आपली गोष्ट ह्या गावाभोवतीच फिरणार आहे.

दिवाळीच्या अंकात बंदुकीची कथा कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. पण दारूशी आपली सर्वांची ओळख होते ती दिवाळीतच. भुईनळा करणारा कारागीर जाणतो की, नळ्याचे तोंड फार मोठे ठेवले तर फुलबाजा नीट उसळत नाही, नुसता फसफसतो. आणि तोंड फार लहान ठेवले तर भुईनळा फुटून जातो. दारू तीच, मातीही तीच, फरक काय तो वायूला दिलेल्या वाटेचा. स्वयंचलित रायफलीचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे ह्याच तोंडाचे माप ठरवण्याचा इतिहास आहे, आणि ते माप चुकले म्हणून माणसे मेलेली आहेत.

ह्या कामाला जुनी काळी दारू उपयोगाची नव्हती. ती जळताना निम्म्याहून अधिक राख आणि काजळी मागे ठेवी. चार-दोन बारांत बारीक छिद्रे बुजून जात. १८८४ साली पॉल व्हिएय ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू शोधून काढली आणि मगच हा मार्ग मोकळा झाला.

आता बंदुकीच्या पोटात काय घडते ते पाहू. काडतुसातील दारू पेटली की नळीत जो वायू तयार होतो, त्याचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक असतो. आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर शिटी देतो तेव्हा आत जेमतेम दोन पट दाब असतो, ह्यावरून कल्पना करावी. ह्या दाबाने गोळी पुढे पळते. वाटेत, नळीच्या वरच्या अंगाला, एक बारीक भोक पाडलेले असते. गोळी ह्या भोकापलीकडे गेली की तिच्या मागचा थोडा वायू त्यातून वर शिरतो. ह्या भोकावर जो लोखंडी ठोकळा बसवलेला असतो त्याला गॅस ब्लॉक म्हणतात. तेथून वायू एका छोट्या नळकांड्यात जातो, नळकांड्यातला दट्ट्या मागे ढकलतो, दट्ट्या बोल्टला मागे ढकलतो, बोल्ट रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि मग स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये सारतो. पण गोळी नळीच्या तोंडातून एकदा बाहेर पडली की दाब ओसरतो. म्हणजे वायूने आपला वाटा उचलायला मिळणारा वेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

एवढ्याशा वेळात घेतलेला वायू कमी पडला, तर बोल्ट अर्ध्या वाटेतूनच परत फिरतो. पुंगळी अडकते, किंवा नवे काडतूस उचललेच जात नाही. वायू जास्त झाला तर? सामान्य माणसाला वाटेल, जोर जास्त म्हणजे काम अधिक चोख. तसे होत नाही. पितळेची पुंगळी बाराच्या क्षणी फुगून चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटलेली असते. दाब उतरला की ती सैल पडते. बोल्टने घाई केली, तर ती सैल व्हायच्या आतच तिला हिसका बसतो. पुंगळीची कड फाटते आणि पुंगळी आतच राहते. शिवाय बोल्ट मागच्या भिंतीवर आदळून रायफलीला आणि रायफलवाल्याच्या खांद्याला धक्के देतो तो भाग वेगळाच.

आणि हे माप एकदा ठरवून विसरून जाता येत नाही. कडाक्याच्या थंडीत दारू मंद जळते, उन्हाने तापलेल्या काडतुसात जोराने. काजळीने भोक अरुंद होते, वाळूने बोल्टची वाट खडबडीत होते, तेल थिजते. एका कारखान्याची दारू दुसऱ्या कारखान्याच्या दारूसारखी नसते. तेव्हा भोक किती मोठे, हा प्रश्न खरे म्हणजे असा आहे: भोकाचे माप कोणी ठरवायचे? कारखान्यात बसलेल्या इंजिनियरने एकदाच, की खंदकात बसलेल्या शिपायाने रोज?

मशीनगनच्या बाबतीत उत्तर लवकर मिळाले. फ्रान्सच्या हॉचकिस मशीनगनवर वायूचे प्रमाण बदलण्याची सोय होती. पुढे ब्रेनगन आली. तिचा मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरच्या व्हाक्लाव्ह होलेक ह्याचा. ब्रनोचा ‘ब्र’ आणि इंग्लंडमधील एनफील्डचा ‘एन’ मिळून तिचे नाव झाले. ब्रेनच्या रेग्युलेटरला लहानमोठ्या मापाची चार भोके होती. इटलीत आणि ब्रह्मदेशात लढलेल्या भारतीय पलटणींनी ही बंदूक वापरली. तिच्या कवायतीत शिकवलेले असे: बंदूक अडली, मॅगझिन बदलले, पुन्हा चालू केली आणि चार गोळ्या सुटून पुन्हा अडली, तर दोष वायूचा समजावा आणि रेग्युलेटर फिरवून पुढचे मोठे भोक लावावे. काळोखात, चिखलात, शत्रू समोर असताना हाताने चाचपून हे करायचे. पण ब्रेनवर दोन माणसे असत आणि दोघेही तिच्यातच मुरलेले असत.

साध्या रायफलवाल्या शिपायाकडून ही अपेक्षा करावी काय? पहिल्यांदा ती मोठ्या प्रमाणावर केली रशियाने. फ्योदोर तोकारेव्ह ह्या डॉन कझाक घराण्यातील रचनाकाराची स्वयंभरण रायफल १९३९ साली सोव्हिएत सेनेने स्वीकारली आणि १९४० साली तिची सुधारलेली आवृत्ती काढली. तिच्या नळीच्या टोकाशी पाच बाजूंचा रेग्युलेटर होता आणि त्याच्या पाच भोकांची मापे होती १.१, १.२, १.३, १.५ आणि १.७ मिलिमीटर. पहिल्या आणि शेवटच्या भोकात अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक, एवढेच अंतर. ते बदलायला वेगळा पाना लागे. शिकलेसवरलेले नौसैनिक आणि निवडक नेमबाज ह्या रायफलीवर खूश होते. पण १९४१ साली जर्मन चढाईत अनुभवी सेना कापली गेली आणि तिच्या जागी शेतावरून उचलून आणलेली, आठ-पंधरा दिवसांची कवायत झालेली पोरे उभी राहिली. त्यांना कोठला पाना आणि कोठले पाच आकडे! रायफल अडे, आणि नाव बदनाम होई ते तोकारेव्हचे. शेवटी रशियाने पुन्हा हाताने बोल्ट ओढायच्या जुन्या रायफलीच ढिगांनी काढल्या.

अमेरिकेच्या जॉन गॅरंडने दुसरा रस्ता धरला. त्याची एम-वन रायफल १९३६ साली अमेरिकन सैन्याने घेतली. तिच्यात आधी ब्राउनिंगच्या टोपीसारखा नळीच्या तोंडाशीच वायू पकडण्याचा बेत होता. तो गैरसोयीचा ठरल्यावर नळीला भोक पाडले, पण शिपायाच्या हाती काहीच दिले नाही. भोक ठरलेले, काडतूस ठरलेले, आणि त्या काडतुसावर सरकारची कडक नजर. श्रीमंत आणि शिस्तीच्या कारखानदारीला हे परवडते. महायुद्धात ते उत्तम चालले, आणि कदाचित म्हणूनच पुढे अमेरिकेला फाजील विश्वास वाटू लागला. त्याचे फळ पुढे येईलच.

आता पुन्हा हेर्स्टालला जाऊ. ब्राउनिंगच्या हाताखाली तेथे द्योदोने सेव्ह नावाचा एक बेल्जियन कामाला होता. जवळच्याच वांद्र गावचा. गुरूच्या मृत्यूनंतर अपुरे राहिलेले ब्राउनिंगचे पिस्तूल त्यानेच पुरे केले. १९३५ सालचे ते प्रसिद्ध तेरा गोळ्यांचे पिस्तूल. १९४० साली जर्मनांनी बेल्जियम घेतला आणि हेर्स्टालचा कारखाना त्यांच्या ताब्यात गेला. १९४१ साली सेव्ह जर्मनांच्या हातावर तुरी देऊन निसटला आणि इंग्लंडला पोचला. आपला कारखाना शत्रूसाठी राबत असताना हा गृहस्थ परक्या देशात बसून स्वयंभरण रायफलीचे आराखडे काढीत होता. युद्ध संपताच तो परतला. १९४९ साली त्याची पहिली रायफल बाजारात आली, आणि काही वर्षांतच तिची धाकटी पण कितीतरी अधिक पराक्रमी बहीण, एफ.ए.एल.

ह्या रायफलीतला वायूचा रेग्युलेटर मला सेव्हच्या स्वभावाचा आरसा वाटतो. तोकारेव्हने वायू आत येण्याचे भोक लहानमोठे केले. सेव्हने ते भोक तसेच ठेवले आणि वायू बाहेर जाण्याची एक वेगळी वाट केली. नळकांड्यात भरपूर वायू येऊ द्यायचा. कामापुरता दट्ट्याने घ्यायचा, उरलेला हवेत सोडून द्यायचा. ही बाहेरची वाट किती उघडी ठेवायची, हे नळकांड्याभोवती बसवलेले एक छोटे कडे ठरवी. कड्यावर आकडे कोरलेले. बोटांनी, किंवा काजळीने अडले तर काडतुसाच्या टोकानेही, ते फिरवता येई. पुढच्या टोकाला आणखी एक वेगळी चावी होती. ती उलटी बसवली की वायू पूर्ण बंद, म्हणजे नळीवरून ग्रेनेड उडवताना सगळा जोर ग्रेनेडला मिळावा. ती परत सुलटी करायला शिपाई विसरला, तर मात्र त्याची आधुनिक रायफल आजोबांच्या काळातली होऊन बसे. प्रत्येक गोळीमागे बोल्ट हाताने ओढा!

कडे लावण्याची रीत मोठी शहाणपणाची होती. बेल्जियमच्या मूळ रायफलीत मॅगझिन रिकामे झाले की बोल्ट मागेच अडकून राहतो. तेव्हा वाट पूर्ण उघडी ठेवायची, म्हणजे सगळा वायू वाया जाऊ द्यायचा. मग मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून बार काढायचा. बोल्ट मागे अडकला नाही, तर जोर पुरला नाही असे समजून कडे एक घर फिरवायचे आणि पुन्हा एक काडतूस. असे करीत ज्या घराला बोल्ट मागे अडकून राहील, ते त्या रायफलीचे, त्या काडतुसाचे आणि त्या दिवसाचे माप. त्यावर आणखी दोन घरे फिरवायची, धुळीसाठी आणि काजळीसाठी राखीव म्हणून. घरखर्च भागेल एवढे ठेवून वर थोडे अडीअडचणीसाठी बाजूला काढणाऱ्या गृहिणीचाच हा हिशेब. हा हिशेब जमला की रायफल खांद्याला धक्काही कमी देई आणि झिजतही कमी.

नव्वदांहून अधिक देशांनी ही रायफल वापरली. १९८२ साली फॉकलंड बेटांच्या युद्धात तर ब्रिटिश आणि अर्जेंटिनी अशा दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या हाती सेव्हचीच रायफल होती. दोन्हीकडच्या खंदकांत तेच कडे, आणि दोन्हीकडे तोच ओला गारठा. इस्रायलला मात्र वाळवंटातल्या बारीक धुळीने हैराण केले. कडे फिरवून वायू वाढवता येतो, पण बोल्टच्या वाटेतली वाळू त्याने निघत नाही. १९७० नंतरच्या काळात इस्रायलने गलील रायफल काढली, ती कलाश्निकोव्हच्या धर्तीवर.

आपल्याकडे ही रायफल आली ती ठेच लागल्यानंतर. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने चढाई केली तेव्हा आपल्या जवानांच्या हाती अजून थ्री-नॉट-थ्रीच होती. प्रत्येक गोळीला बोल्ट उचला, मागे ओढा, पुढे सारा, दाबा. त्यात रायफल वाईट नव्हती. पण समोरच्यांपैकी पुष्कळांकडे स्वयंभरण आणि स्वयंचलित हत्यारे होती. १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग ह्यांची कुमाऊँ पलटणीची तुकडी सोळा हजार फुटांवरच्या थंडीत जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली, ती ह्याच बोल्टच्या रायफलींनिशी. गोठलेल्या बोटांनी बोल्ट ओढणे म्हणजे काय, हे पुढे तेथे सापडलेल्या हुतात्म्यांच्या हातांनाच ठाऊक.

त्यानंतर बंगालमध्ये हुगळीकाठच्या ईशापूर कारखान्यातून ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल बाहेर पडू लागली. तिला आपल्याकडे सगळे एस.एल.आर. म्हणतात. ब्रिटिश आणि बेल्जियन नमुन्यांचा अभ्यास करून केलेली ही सेव्हच्याच घराण्यातली रायफल. १९७१ च्या युद्धात आपल्या पायदळाचे ते मुख्य हत्यार होते, आणि पुढे कित्येक वर्षे पोलिसांच्या खांद्यावरही ती दिसत राहिली. तिच्या काडतुसांशी महाराष्ट्राचे नाते आहे. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावला १९६४ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तो लहान हत्यारांच्या काडतुसांसाठी. खडकीचा कारखाना तर १८६९ पासूनचा. म्हणजे रायफल हुगळीकाठची, काडतूस खानदेशातले किंवा पुण्याचे, आणि ते उडायचे राजस्थानच्या वाळूत नाहीतर लडाखच्या बर्फात. इतक्या दूरदूरच्या मंडळींचे जमवून घ्यायचे काम त्या नळकांड्यावरच्या कड्याकडे होते.

आता दुसऱ्या टोकाचा विचार. मिखाईल कलाश्निकोव्ह १९४१ साली ब्रिआन्स्कजवळच्या लढाईत जखमी झालेला रणगाड्यावरचा सार्जंट. तोकारेव्हच्या पाच भोकांचे काय झाले ते त्याच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. त्याच्या १९४७ च्या रायफलीत रेग्युलेटर नाहीच. भोक सढळ, दट्ट्या जाडजूड, भागांमध्ये भरपूर मोकळीक. गरजेपेक्षा पुष्कळ अधिक वायू घ्यायचा, म्हणजे थंडी, चिखल, काजळी काहीही आडवे आले तरी बोल्ट मागे जाणारच. त्याची किंमत नेमबाजीत मोजावी लागते. हत्यार हातात उसळते आणि नेम हलतो. शिपायाला शिकवायला वेळ नाही असे धरून केलेली ही रचना आहे. सेव्हने शिपायावर विश्वास टाकला, कलाश्निकोव्हने टाकला नाही. मला सेव्हची रीत अधिक सुंदर वाटते. पण तोकारेव्हच्या त्या अर्धशिकाऊ पोरांची आठवण ठेवली, तर कलाश्निकोव्हला दोष देता येत नाही.

तिसरी रीत अमेरिकेच्या यूजीन स्टोनरची. त्याच्या रायफलीत दट्ट्याचा वेगळा दांडाच नाही. भोकातला वायू एका बारीक नळीने थेट बोल्टच्या गाड्यात नेऊन सोडायचा. वजन कमी, धक्का सरळ मागे, नेम अचूक. भोकाचे माप कारखान्यात ठरलेले, आणि ते एका विशिष्ट दारूवर बसवलेले. हीच पुढे एम-सोळा झाली. घड्याळासारखी जुळवलेली ही रायफल होती. पण घड्याळाची किल्ली दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती होती.

झाले असे. लष्कराने काडतुसाला जो वेग आणि दाब ठरवून दिला होता, तो मूळच्या दारूने मोठ्या उत्पादनात साधेना. १९६४ साली तिच्या जागी दुसऱ्या कंपनीची गोल कणांची दारू घेण्यात आली. ती चांगलीच दारू होती. पण ती वेगळ्या चालीने जळे. गोळी भोकाशी पोचे त्या क्षणी मागचा दाब आधीपेक्षा अधिक असे. भोक तेच, वायू जास्त. बोल्टची चाल वाढली. रायफलीने मिनिटाला ८५० गोळ्यांची मर्यादा ओलांडू नये असे ठरले होते; ती ओलांडली जाऊ लागली. पुंगळी सैल व्हायच्या आत बोल्ट तिला हिसका देऊ लागला. ह्या दारूत मिसळलेला चुन्याचा अंश वायूच्या नळीत बसू लागला. चेंबरला क्रोमियमचा मुलामा दिलेला नव्हता, तो व्हिएतनामच्या दमट हवेत गंजला. त्यात ह्या रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही असा बोलबाला झालेला, म्हणून सफाईचे साहित्यही पुरेसे पाठवलेले नव्हते.

सर्वांत विलक्षण गोष्ट कारखान्यात घडत होती. नव्या दारूने रायफली चाचणीत नापास होऊ लागल्या, तेव्हा चाचणीपुरती जुन्या दारूची काडतुसे वापरण्याची मुभा देण्यात आली. रायफली पास झाल्या आणि युद्धावर गेल्या, आणि तेथे त्यांना नवी दारू मिळाली.

१९६७ च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सान्हजवळच्या टेकड्यांवर अमेरिकन मरीन सैनिकांची उत्तर व्हिएतनामी फौजेशी घनघोर लढाई झाली. तेथून घरी गेलेल्या पत्रांत सैनिकांनी लिहिले की, आमच्यातले कितीतरी मेलेले गडी उघडलेल्या रायफलीशेजारी सापडले. अडकलेली पुंगळी नळीत गज घालून बाहेर काढायचा प्रयत्न करीत असतानाच त्यांना गोळी लागली होती. आईबापांनी ती पत्रे आपापल्या लोकप्रतिनिधींकडे नेली. रिचर्ड आयकॉर्ड ह्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसची एक समिती बसली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिने अहवाल दिला. काडतुसातील दोष ठाऊक असूनही तो दूर न करणे हे गुन्हेगारी हयगयीच्या सीमेवर जाते, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे चेंबरला मुलामा मिळाला, बोल्टची चाल आवरणारा बफर बदलला, दारूतला चुना कमी केला, सफाईचे साहित्य आले, आणि तीच रायफल नीट चालू लागली. त्या सैनिकांजवळ सेव्हचे कडे असते तर ते सर्व वाचले असते, असे मी म्हणणार नाही. गंजलेल्या चेंबरला कडे काय करणार? पण वायू जास्त होतो आहे हे रायफल सांगत असताना तो कमी करण्याचे कसलेही साधन त्यांच्या बोटांना सापडत नव्हते, एवढे खरे.

आपल्याकडे एस.एल.आर.च्या जागी ‘इन्सास’ आली. तिची रचना पुण्याच्या पाषाणमधील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत झाली. बोल्ट आणि दट्ट्याच्या बाबतीत तिने कलाश्निकोव्हचा कित्ता गिरवला, पण वायूचा रेग्युलेटर मात्र एफ.ए.एल.च्या धर्तीचा, हाताने फिरवायचा, ग्रेनेडसाठी वायू तोडण्याच्या सोयीसह. हा संकर मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. १९९९ साली कारगिलच्या थंडीत इन्सासबद्दल तक्रारी आल्या, पण त्यांत मॅगझिनला तडे जाण्याचीही तक्रार होती. सगळे खापर रेग्युलेटरवर फोडणे न्यायाचे होणार नाही.

गेल्या काही वर्षांत ह्या जुन्या कड्याला नवे दिवस आले आहेत, ते एका वेगळ्याच कारणाने. मशीनगनचा जनक हायरम मॅक्सिम. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम ह्याने १९०९ साली बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचे पेटंट घेतले. बापाने जगाचे कान बधिर केले, मुलाने ते मिटवायचे ठरवले! हे नळकांडे नळीच्या तोंडाला लावले की वायू बाहेर पडायला वेळ लागतो, नळीतला दाब अधिक वेळ टिकतो आणि भोकातून जरुरीपेक्षा जास्त वायू मागे येतो. नेमबाजाच्या डोळ्यांत धूर आणि बोल्टला घाई, असे दोन्ही. आज सैन्यांत ही नळकांडी सर्रास वापरली जातात, म्हणून हेर्स्टालच्याच कंपनीने ह्या शतकात काढलेल्या ‘स्कार’ रायफलीला दोन घरांचा रेग्युलेटर आहे. एक घर नळकांड्याशिवाय, दुसरे नळकांड्यासह.

आणि ज्या स्टोनरने शिपायाच्या हाती काहीच ठेवले नव्हते, त्याच्या रायफलीच्या वंशजांवर आता अमेरिकेत लोक स्वखर्चाने फिरता गॅस ब्लॉक बसवून घेतात. त्याच्या अंगात एक बारीक स्क्रू असतो. तो पूर्ण बंद करायचा, मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालायचे आणि बार काढायचा. बोल्ट मागे अडकला नाही, तर स्क्रू किंचित उघडायचा आणि पुन्हा एक काडतूस घालायचे. बोल्ट मागे राहिला की त्यावर थोडे आणखी उघडायचे, धुळीसाठी आणि काजळीसाठी.